मरीन ड्राइव्हवरची पाठ

हत्तरगे घराण्याचं अरबी समुद्राशी चार पिढ्यांचं नातं आहे. पहिल्या पिढीतले सिद्रामप्पा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर वीस मिनिटं बसले होते. दुसऱ्या पिढीतल्या महादेवप्पांनी त्या वीस मिनिटांविषयी बोलण्यात साठ वर्षं घालवली. स्वतः कधी गेले नाहीत, कारण दुकान सोडून जाणं जमलं नाही. तिसऱ्या पिढीतले राजशेखर लग्नानंतर बायकोला एकदा दाखवून आले. आणि चौथ्या पिढीतली समीक्षा शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास तिथल्या कट्ट्यावर बसलेली सापडली. सापडली म्हणजे एका व्हिडिओत. तो अकरा सेकंदांचा होता.

सापडली ती नांदेडात. राजशेखरांचा धाकटा भाऊ मन्मथ तिथं फरशीचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात समाजाच्या वधू-वर ग्रुपवर लग्नं जुळवतो. त्या ग्रुपवर कुणीतरी मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त टाकून खाली 'शुभ सकाळ' लिहिलं होतं. मन्मथने तो बघितला, परत बघितला, दुकान नोकरावर सोडलं आणि गाडी काढून तीन तासांत लातूर गाठलं. व्हिडिओ फोनवरून पाठवता आला असता. पण काही गोष्टी समोर बसून दाखवाव्यात असं त्याचं मत होतं.

घाईला कारण होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता, औशाची मंडळी समीक्षाला बघायला यायची होती. मुलगा अमरनाथ, औशात खता-बियाण्यांची दोन दुकानं, आणि स्थळ मन्मथनेच आणलेलं. त्या लोकांची एकच अपेक्षा होती आणि तीही त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितली होती: मुलीला मुंबईच्या नोकरीची आता गरज राहणार नाही. समीक्षा या बघण्याच्या कार्यक्रमासाठीच आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळी घरी पोचली होती. मंगळवारी तिने आईला फोनवर एवढंच विचारलं होतं, "मम्मी, त्यांनी पसंत केलं तर मी नाही कसं म्हणायचं, ते सांग." सुकन्याबाईंना चार दिवस झाले तरी त्याचं उत्तर सुचलेलं नव्हतं.

मन्मथ आला तेव्हा समीक्षा उद्याच्या साडीचं ब्लाउज बसतंय का बघायला टेलरकडे गेली होती. लातूरचा टेलर 'पाच मिनिटं' म्हणाला की दोन तास धरावे लागतात. त्यामुळे घरच्यांना मोकळेपणाने बोलता आलं.

दिवाणखान्यात चौघं होते. अप्पा म्हणजे महादेवप्पा, वय एक्याऐंशी, राजशेखर, ज्युनिअर कॉलेजात भूगोलाचे प्राध्यापक, सुकन्याबाई, आणि अप्पांच्या थोरल्या बहीण गुरम्माआत्या, ज्या उदगीरहून पाहुणे बघण्याच्या कार्यक्रमासाठी दोन दिवस आधीच आल्या होत्या आणि कार्यक्रम कसा व्हावा हे तेव्हापासून सांगत होत्या. मन्मथने फोन टीव्हीला जोडला.

पडद्यावर समुद्र आला. मावळतीचा तांबूस उजेड, लांबवर वळत गेलेला रस्ता, आणि काठाच्या रुंद कट्ट्यावर बसलेल्या माणसांची रांग. मरीन ड्राइव्हवर बसायची एक रीत आहे. शहराकडे पाठ करायची, पाय समुद्राच्या बाजूला सोडायचे आणि कुणाकडे बघायचं नाही. सगळं शहर तुमच्या मागून जात असतं आणि त्याला तुमची फक्त पाठ दिसते. म्हणून ज्यांना दुसरीकडे कुठे बसायला जागा नसते ते तिथं बसतात. व्हिडिओत साधारण पंचवीस पाठी होत्या. त्यातली मधली एक समीक्षाची होती, आणि तिच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर, एक निळ्या शर्टाची पाठ होती. सातव्या सेकंदाला निळा शर्ट तिच्या बाजूला झुकत होता.

"पाठीवरून कसं काय म्हणतोस?" राजशेखर म्हणाले. "वेणी काय, कुणाचीही असते."

मन्मथने चित्र थांबवलं आणि मोठं केलं. वेणीशेजारी, खांद्यावर, खाकी कापडाची पिशवी होती. पिशवीवर विटकरी अक्षरांत छापलं होतं: हत्तरगे मेटल्स, गंजगोलाई, लातूर. लग्नाची भांडी, घाऊक व किरकोळ. खाली दुकानाचा फोन नंबर.

अप्पांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग अजून एकदा. चौथ्यांदा लावायला सांगितल्यावर मन्मथला वाटलं की म्हाताऱ्याला धक्का बसला. खरं तर अप्पा फोन नंबर वाचत होते. दुकानाची पिशवी मरीन ड्राइव्हपर्यंत पोचली याचा त्यांना जो आनंद झाला होता तो या प्रसंगी दाखवण्यासारखा नव्हता, आणि नंबराचा शेवटचा आकडा उडालाय याचं जे दुःख झालं होतं तेही नव्हतं. छपाईवाल्याला सोमवारी बोलवायचं त्यांनी मनात ठरवून ठेवलं.

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर सिद्रामप्पांचा फोटो होता. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी सिद्रामप्पा तांब्याच्या पत्र्यांची खरेदी करायला मुंबईला गेले आणि परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून समुद्र बघायला गेले. कट्ट्यावर पटका बांधून बसलेल्या सिद्रामप्पांचा हा फोटो घरात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला जातो. त्यात ते समुद्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसलेले आहेत. वहाणा फुटपाथवर काढून ठेवल्या होत्या आणि सिद्रामप्पांना त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं.

"बापानं तोंड दाखवून फोटो काढला," अप्पा म्हणाले, "आन पोरीनं पाठ."

हा पहिला आणि बराच वेळ शेवटचा ठपका ठरला, कारण राजशेखरांनी मध्येच भूगोल आणला. अडचण आली की ते भूगोलात जातात. घरातले हे जाणून होते. त्यांनी सांगितलं की मुळात तिथं जमीनच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी समुद्रात भर टाकून ती काढली, चौपाटीकडून सुरुवात केली, आणि पुढे पंचवीसेक वर्षं काम चाललं. मग ओळीने त्या गोल कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या सज्जांच्या इमारती उभ्या राहिल्या. कट्ट्याखाली जे तीन-चार पायांचे सिमेंटचे ठोकळे दिसतात ते लाटांचा जोर मोडायला नंतर टाकले. सिद्रामप्पा गेले तेव्हा ते बहुतेक नसावेत. रस्त्याला सरकारी नाव वेगळं आहे, ते कुणी वापरत नाही. संध्याकाळी दिवे लागले की उंचावरून हार घातल्यासारखं दिसतं, म्हणून राणीचा हार म्हणतात. मध्यंतरी पिवळे काढून पांढरे दिवे लावले तर लोकांनी ओरड केली.

"दादा," मन्मथ म्हणाला, "पोरगी कुणासंगं बसली ते चालू हाय."

"मी तेच सांगतोय. ती सार्वजनिक जागा आहे. तिथं पहाटे म्हातारे पळतात, दुपारी कॉलेजची पोरं बसतात, संध्याकाळी अख्खी मुंबई येते. पावसाळ्यात लाट रस्त्यावर येते ती अंगावर घ्यायलासुद्धा लोक येतात."

"घेऊ दे ना. आपली पोरगी कशाला?"

सुकन्याबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. राजशेखर जे सांगत होते ते त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी याच क्रमाने ऐकलेलं होतं, त्याच कट्ट्यावर बसून. लग्नाला अकरा दिवस झाले होते. समोर सूर्य बुडत होता, शेजारचा नवरा चार पायांच्या ठोकळ्यांविषयी बोलत होता, आणि त्या शेंगदाण्याची पुडी हातात धरून त्याचं बोलणं संपायची वाट बघत होत्या. संपलं तेव्हा अंधार पडला होता. तरी आयुष्यात कुणीही ओळखत नसलेल्या जागी बसायची ती एकच संध्याकाळ मिळाली, हेही त्यांना आठवत होतं. आपल्या मुलीला अशी संध्याकाळ हवी तेव्हा मिळते, याचं त्यांना आत्ता या खोलीतल्या कुणालाही सांगता येणार नाही असं बरं वाटत होतं.

मन्मथचं म्हणणं सरळ होतं. औशाच्या लोकांकडेही फोन आहेत. त्यांनी हा व्हिडिओ बघायच्या आत उद्याचं बघणं, पसंती आणि कुंकू एका दमात उरकून टाकावं, आणि पोरीला परत मुंबईला पाठवूच नये. सामान नंतर कुणीतरी जाऊन आणेल. अप्पांनी मान हलवली. राजशेखरांनी हलवली नाही, पण हलवणार असल्यासारखी धरून ठेवली. म्हणजे तिघांपैकी अडीच जण औशाच्या बाजूचे झाले. अमरनाथचं तिसरं दुकान बांधायला निघालं होतं आणि त्याची फरशी मन्मथकडून जाणार होती, ही गोष्ट यात कुणी काढली नाही.

तेवढ्यात गुरम्माआत्या उठल्या आणि टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना दोन महिने झाले होते आणि नवी नजर त्या रोज कशावर तरी वापरून बघत असत.

"मन्मथ्या, ते थांबीव. त्या पोराच्या मानंवर आण."

मन्मथने आणलं. निळ्या शर्टाच्या कॉलरच्या वर, मानेला चिकटून, एक पांढरा दोरा दिसत होता. तो दोन्ही बाजूंनी पुढे वळला होता.

"शिवदारा हाय," आत्या म्हणाल्या.

शिवदारा म्हणजे लिंगायतांचा इष्टलिंग गळ्यात बांधायचा दोरा. तो असलेला माणूस आपल्यातला. खोलीतल्या तिन्ही पुरुषांनी आपापल्या कॉलरकडे हात नेला नाही एवढंच. अप्पांचं लिंग चांदीच्या डबीत देवघरात असतं, राजशेखरांचं त्याच्याशेजारी, आणि मन्मथचं नांदेडला बँकेच्या लॉकरमध्ये.

"दिसत तर तसंच हाय," अप्पा म्हणाले.

"दिसत कशाला, हायच. मुंबईत राहून गळ्यात लिंग घालतोय पोरगा. तुमच्यातल्या कुणाच्या गळ्यात हाय का दाखवा मला." आत्यांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "यप्पा, असं पोरगं आजकाल उदगीरात घावंना."

मन्मथ म्हणाला की असेल, पण आपल्यातलाच असला म्हणून काय झालं, घरच्यांना न विचारता. त्यावर आत्यांनी विचारलं की औशाचा अमरनाथ तरी गळ्यात घालतो का. मन्मथने सांगितलं की घालत असेल. आत्या म्हणाल्या की फोटोत शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, गळ्यात सोन्याची साखळी तेवढी दिसत होती, आणि साखळीला वाघनख होतं. मन्मथ म्हणाला वाघनख खोटं आहे. त्यामुळे अमरनाथची बाजू जास्त भक्कम झाली असं कुणाला वाटलं नाही.

राजशेखर हळूच आत्यांच्या बाजूला सरकले. भूगोलाच्या माणसाला पुराव्याचं महत्त्व कळतं, असं ते म्हणाले. दोरा पांढरा आहे, सुती असावा, आणि गाठ मानेमागे नाही म्हणजे पुढे आहे. अप्पांना सातव्या सेकंदाचा झुकाव आता वेगळा दिसायला लागला. पोरगा पोरीच्या अंगावर झुकत नव्हता, त्यांच्या मते तो आदराने वाकत होता.

मग सगळ्यांनी सुकन्याबाईंकडे बघितलं, कारण आतापर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

सुकन्याबाई पडद्याजवळ गेल्या. दोरा त्यांनी नीट बघितला. तो डाव्या कानाजवळ वर चढत होता आणि कानात जाऊन संपत होता. असा दोरा समीक्षाच्या जीन्सच्या खिशातून त्यांनी दोनदा धुतला होता. दुसऱ्यांदा धुतल्यावर त्यातून गाणी येईनाशी झाली. हेडफोनची वायर त्यांना या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगली ओळखता येत होती. आत्यांना कान दिसला नव्हता, कारण आत्यांना मान हवी होती. पुरुषांना दिसला नव्हता, कारण आत्यांना दिसला नव्हता.

समीक्षाचा ऑटो टेलरकडून यायला अजून पाऊण तास तरी होता. सुकन्याबाईंनी तेवढ्यात चार दिवसांपासून अडलेलं उत्तर शोधलं.

"आत्याबाईंची नजर लई साफ झाली ऑपरेशननंतर," त्या म्हणाल्या.

आणि चहा टाकायला आत गेल्या. खोटं त्या बोलल्या नव्हत्या. ऑपरेशन खरंच चांगलं झालं होतं.

पुढची अर्धी घटका गणित उलटं फिरलं. मन्मथ सगळ्यांत उशिरा वळला, पण वळल्यावर सगळ्यांत जोरात धावला. मुंबईत राहणारा, गळ्यात लिंग घालणारा, इस्त्रीचा निळा शर्ट घालणारा मुलगा म्हणजे चांगल्या कंपनीत असणार, हे त्यानेच काढलं. त्याचा फ्लॅट मुलुंडला असावा, हेही त्यानेच काढलं. मुलुंड का, ते सांगितलं नाही. आत्या म्हणाल्या, घराणं बसवकल्याणकडचं असेल, खांद्यांवरून वाटतं. अप्पांनी विचारलं, एवढं सगळं असताना पोरगी आपल्याला बोलली का नाही. आत्या म्हणाल्या, "तू बोलायला जागा ठेवलास का? यायच्या आधी औशाचे आणून बसवलास."

औशाला फोन अप्पांनी स्वतः लावला. मठातून निरोप आला आहे, यंदा मुलीला योग नाही, आपली क्षमा असावी, असं त्यांनी सांगितलं. मठाचं नाव घेतलं नाही, पण आवाज असा लावला की पलीकडून विचारायची सोय राहिली नाही. अमरनाथच्या वडिलांनी सांगितलं की काही हरकत नाही, आणि मन्मथला फरशीसाठी इतक्यात येऊ नका म्हणावं. अप्पांनी निरोप पोचवला. मन्मथने तो मुलुंडच्या फ्लॅटकडे बघत सहन केला.

समीक्षा आली तेव्हा ब्लाउजची पिशवी तिच्या हातात होती आणि दिवाणखान्यातले सगळे तिच्याकडे बघून हसत होते. या घरात असं सहसा होत नाही, म्हणून ती उंबऱ्यातच थांबली.

"ये बाय," आत्या म्हणाल्या. "औशाचे येणार न्हाईत. अप्पानं नको म्हणून सांगितलं. तुझं आम्हाला समदं कळलं."

यांना काय कळलं ते समीक्षाला समजेना. मन्मथने व्हिडिओ लावला. तिने स्वतःची पाठ बघितली, पिशवी बघितली, शेजारचा निळा शर्ट बघितला. तो माणूस तिला आठवला. कट्ट्यावर दोघांत जरा जागा दिसली म्हणून तो येऊन बसला होता आणि बसल्यापासून कानात वायर घालून कुणाला तरी एसीतला गॅस संपलाय की गळतोय हे समजावून सांगत होता. मध्येच लाट जोरात आपटून शिंतोडे उडाले तेव्हा तो बाजूला झुकला. 'सॉरी मॅडम' म्हणाला, आणि परत गॅसवर गेला.

"आपल्यातलाच हाय, ते आम्ही बघितलं," अप्पा म्हणाले. "मला राग न्हाई. पन घरी सांगायचं असतंय."

समीक्षाने तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि मुलीकडे बघत होती. समीक्षाने लहानपणापासून त्या नजरेचे दोनच अर्थ शिकले होते. एक म्हणजे पाहुण्यांसमोर हावरटासारखं खाऊ नकोस. दुसरा म्हणजे आत्ता गप्प बस, मी बघते. ट्रेवर खायला काही नव्हतं.

समीक्षाने तोंड मिटलं.

"नोकरी तू सोडू नको," आत्या म्हणाल्या. "दोघं कमावते असलेलं बरं असतंय मुंबईत."

अप्पांनी मान हलवली. मन्मथने हलवली. राजशेखरांनी सगळ्यांत आधी हलवली आणि ते खोलीतून निघून जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले, तोही भूगोल न सांगता. सुकन्याबाईंनी चहा वाटला. साखर आत्यांच्या कपात नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त होती.

"बरं, आता नाव सांग पोराचं," अप्पा म्हणाले. "आन गाव कुठलं?"

समीक्षा जमिनीकडे बघत होती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि खरं बोलायची ही वेळ नव्हती.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

पोरगी लाजली, असं आत्या म्हणाल्या. मन्मथलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत तिला बसवायला घरातले सगळे स्टेशनवर गेले, आणि अप्पांनी खिडकीतून तिच्या हातात त्या पोरासाठी म्हणून जणू सुपारी फुटली अशा गंभीरपणे एक नवी स्टीलची डबी दिली.

समीक्षाचं ऑफिस आणि खोली ऐरोलीत आहे. तिथून मरीन ड्राइव्हला जायला पावणेदोन तास लागतात. तीन वर्षांत ती तिथं एकदाच गेली होती.